गॉडफादर (१९९१): ४०० दिवस चाललेला मल्याळम घरगुती धुडगूस, आणि 'हलचल'मध्ये नेमकं काय सांडलं

पिटातला_प्रेक्षक

मल्याळम सिनेमाचा विषय निघाला की हल्ली गाडी थ्रिलरवरच जाते. म्हणून विनोदी सिनेमासाठी हा वेगळा धागा. सिद्दीक-लाल या दिग्दर्शक जोडीचा 'गॉडफादर' नोव्हेंबर १९९१ मध्ये आला. नाव ऐकून कुणी बंदुका आणि माफिया शोधायला जाऊ नका. दोन घरांचं हाडवैर, त्यात अडकलेलं एक प्रेमप्रकरण आणि त्यापायी होणारी सगळ्यांची तारांबळ, एवढाच ऐवज आहे. आपल्याकडे बहुतेकांना ही गोष्ट प्रियदर्शनच्या 'हलचल' या हिंदी रिमेकमुळे (२००४) माहीत आहे.

पुढे रहस्यभेद आहे, पण यात रहस्य फारसं नाहीच.

अंजूरान हा म्हातारा चार मुलांचा बाप. वैरात बायको गेली, त्याने सूड घेतला, तुरुंग भोगून आला आणि घरात बाईमाणसाला बंदी घातली. मुलांनी लग्नाचं नाव काढायचं नाही. समोरच्या घरात आनप्पारा अच्चम्मा, ही त्याच्याइतकीच खमकी. तिची नात मालू आणि अंजूरानचा धाकटा रामभद्रन एकाच लॉ कॉलेजात. मालूचं ठरलेलं लग्न अंजूरानच्या घरचे मोडतात. मग त्या घरात फूट पाडायची म्हणून मालूने रामभद्रनवर प्रेमाचं नाटक करायचं ठरतं. इकडे रामभद्रनही मित्र मायिनकुट्टीच्या सल्ल्याने तेच नाटक उलट्या बाजूने सुरू करतो. पुढे नाटकाचं खरं होतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

कथेत नवं काही नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. माझं म्हणणं मांडणीबद्दल आहे. या सिनेमात ज्यांच्यामुळे हसू येतं ती माणसं स्वतः विनोद करतच नाहीत. अंजूरान एकदाही गंमत करत नाही. अच्चम्माचा राग खरा आहे. विनोद होतो तो त्यांच्या धाकाखाली वावरणाऱ्यांचा. म्हाताऱ्याचा धाक पटला नाही, तर मुलांची त्रेधातिरपीट नुसती माकडचेष्टा वाटेल.

यासाठी निवडलेला नट बघा. एन. एन. पिळ्ळै हे नाटककार, 'विश्वकेरळ कला समिती' या नाटक मंडळीचे सर्वेसर्वा, तरुणपणी आझाद हिंद सेनेत होते. सिनेमा आला तेव्हा वय ७२. पडद्यावरचा सराव नसल्यातच जमा, पण आयुष्य रंगभूमीवर गेलेलं. थोरला मुलगा बलरामन म्हणजे तिलकन, तेव्हा ५६ वर्षांचे. बाप आणि मुलगा यांच्यात १६ वर्षांचं अंतर! तरीही बापासमोर तिलकन असे उभे राहतात की हिशोब करायचं सुचतच नाही. खांदे किंचित आत, नजर बापाच्या छातीपर्यंत, त्याच्या वर नाही. छप्पन वर्षांचा आडदांड माणूस शाळकरी पोरासारखा उभा आहे आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या दोघांमध्ये संवाद नसतानाही हसू येतं ते यामुळे.

कैरी

धागा आवडला. शंका एकच. ४०० दिवस हा आकडा खरा की पोस्टरवरचा? आपल्याकडेही रौप्यमहोत्सव कसे साजरे व्हायचे ते सगळ्यांना माहीत आहे.

रीळमास्तर

कैरी, आकडा खरा आहे. फक्त तो कसला आकडा आहे ते समजून घ्यायला हवं. तिरुवनंतपुरमच्या श्रीकुमार थिएटरमध्ये 'गॉडफादर' ४०० हून जास्त दिवस चालला. म्हणजे एका शहरातल्या एका थिएटरमधला मुक्काम. संपूर्ण केरळात सगळीकडे चार-चारशे दिवस असा त्याचा अर्थ नाही.

त्या काळची पद्धत अशी. केरळात थिएटरांचे ए, बी आणि सी असे वर्ग होते. नवा सिनेमा आधी मोजक्या शहरांतल्या ए वर्गाच्या थिएटरांत लागायचा. तिथला भर ओसरला की त्याच प्रिंट बी वर्गात, म्हणजे तालुक्याच्या गावी, आणि मग सी वर्गात. प्रिंट महाग, त्यामुळे संख्या मोजकी. शहरात सिनेमा उचलून धरला गेला की आजूबाजूच्या गावांतले लोक बस पकडून शहरात येणार, कारण गावात तो कधी लागेल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट होल्डओव्हरची. थिएटर आणि वितरक यांच्यात आठवड्याच्या उत्पन्नाचा एक किमान आकडा ठरलेला असतो. उत्पन्न त्याच्या खाली गेलं की सिनेमा उतरवता येतो. चारशे दिवस टिकणं म्हणजे पन्नासाहून जास्त आठवडे त्या आकड्याच्या आसपास राहणं. तीच माणसं पुन्हा पुन्हा आल्याशिवाय हे होत नाही. घरातली थोरली, लेकरं, पाहुणे सगळ्यांना घेऊन लोक येत राहिले तरच होतं. थ्रिलर दुसऱ्यांदा बघताना अर्धा सांडलेला असतो. असा सिनेमा दुसऱ्यांदा जास्त हसवतो, कारण पुढे कोण फसणार ते आता आपल्याला ठाऊक असतं.

आजच्या कोटींच्या आकड्यांशी याची तुलना करू नका. आज एका दिवशी शेकडो पडदे, पहिल्या तीन शनिवार-रविवारी निकाल आणि थोड्याच आठवड्यांत ओटीटी. तेव्हाचे दिवस आणि आत्ताचे कोटी यांच्यात एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं सूत्र नाही.

पिटातला_प्रेक्षक

यात आणखी एक भर. त्यात मामुट्टी नाही, मोहनलाल नाही. नायक मुकेश. त्याच १९९१ साली मोहनलालचा 'किलुक्कम' येऊन तुफान चालला होता आणि श्रीनिवासनने लिहिलेला 'संदेशम'ही त्याच वर्षीचा. म्हणजे विनोदाचा दुष्काळ होता म्हणून हा चालला असंही नाही. राज्य सरकारचा लोकप्रिय आणि कलात्मक सिनेमाचा पुरस्कारही यालाच मिळाला. समीक्षक नाकं मुरडतात आणि पब्लिक शिट्ट्या मारतं, असं जे नेहमी होतं ते इथे झालं नाही.

नारळीपाक

तुम्ही 'हलचल'ला उगाच झोडपणार असं दिसतंय, म्हणून आधीच बोलून ठेवते. 'हलचल' वाईट नाही. परेश रावल आणि अर्शद वारसी भाव खाऊन जातात. आणि अमरीश पुरींचा अंगारचंद कुठेही कमी पडत नाही.

पिटातला_प्रेक्षक

अमरीश पुरींबद्दल शंभर टक्के सहमत. योगायोग बघा, 'हलचल' आला तेव्हा तेही ७२ वर्षांचेच होते. २६ नोव्हेंबर २००४ ला सिनेमा आला आणि १२ जानेवारी २००५ ला ते गेले. त्यांच्या वाट्याला आलेला धाक त्यांनी चोख वठवलाय.

गडबड त्यांच्या खालच्या पायरीवर आहे. थोरला बलराम म्हणजे जॅकी श्रॉफ, तेव्हा ४७ चा. दुसरा किशन म्हणजे परेश रावल, ते जॅकीहून मोठे आणि पडद्यावर तर आणखीच थोराड. त्यामुळे थोरला-धाकटा ही उतरंड डोळ्यांना पटत नाही. मूळ सिनेमात तिलकन ५६, इनोसेंट ४३, मग भीमन रघु, शेवटी ३४ चा मुकेश. वरून खाली सरळ जिना. विनोद त्या जिन्यावरून गडगडत येतो: बाप थोरल्यावर, थोरला मधल्यावर, मधला धाकट्यावर. मधल्या स्वामिनाथनचं, म्हणजे इनोसेंटचं, गुपित (बापाच्या नाकाखाली त्याने बायकामुलांचा संसार थाटलाय) धाकट्याला कळतं तेव्हा तो जिना उलटा होतो आणि धाकटा मधल्याला नाचवायला लागतो. पायऱ्या आधी पक्क्या नसतील तर उलटल्याची गंमत कुठून येणार?

जॅकीचा राग हिरोचा आहे, तिलकनचा राग घाबरलेल्या मुलाचा आहे. इथे सिनेमा बदलतो.

उंटावरचा_शहाणा

नट काय, रिमेक म्हटलं की तुलना होणारच. पण मग 'हेराफेरी' का जमला? तोही प्रियदर्शन, तोही सिद्दीक-लालचाच माल ('रामजी राव स्पीकिंग', १९८९).

पिटातला_प्रेक्षक

लाख मोलाचा प्रश्न. 'रामजी राव'मध्ये इनोसेंट होता मन्नार मत्ताई. डबघाईला आलेल्या नाटक मंडळीचा मालक, मध्य केरळातला ख्रिश्चन, बोलण्याची ढब तिथलीच. हिंदीत त्याला नुसता 'मालक' करून सोडला असता तर संपलं होतं. पण नाटक मंडळी गेली, गॅरेज आलं आणि मत्ताईच्या जागी मुंबईतला बाबुराव गणपतराव आपटे उभा राहिला. धोतर, जाड चष्मा, मराठी वळणाची हिंदी. म्हणजे एका जागेच्या माणसाच्या बदल्यात दुसऱ्या जागेचा माणूस दिला. कथा बरीचशी तीच राहिली आणि तरी माणूस उसना वाटला नाही.

'हलचल'मधलं गाव नेमकं कुठलं, हे शेवटपर्यंत कळत नाही. ठाकुरी थाट आहे, हवेली आहे, पण ती कुठेही असू शकते. अच्चम्माच्या जागी लक्ष्मी ('ज्युली'तली). ताकदीची नटी, पण भूमिका कोपिष्ट मालकिणीची होऊन बसली. फिलोमिनाची अच्चम्मा कजाग आहे, शेजारपाजारी सापडेल अशी आहे आणि तिला आपण हसतोय हे तिच्या गावीही नाही.

रीळमास्तर

या सिनेमातल्या नाटकवाल्यांची मोजदाद करण्यासारखी आहे. पिळ्ळै तर झालेच. तिलकन नाटकातून आलेले. स्वामिनाथनची चोरून केलेली बायको कोच्चम्मिणी म्हणजे केपीएसी ललिता, नावातच नाटक मंडळी. मुकेशचे वडील ओ. माधवन यांची 'कालिदास कलाकेंद्रम' ही मंडळी. आणि पिळ्ळैंचा मुलगा विजयराघवन हाच 'रामजी राव'मधला रामजी राव! दिग्दर्शक मात्र दोघेही कोचीच्या कलाभवनच्या मिमिक्रीतले आणि नंतर दिग्दर्शक फाझिलचे सहायक. मिमिक्रीवाल्याला हशा कुठे पिकतो ते अचूक कळतं, नाटकवाल्याला तो येईपर्यंत थांबता येतं. दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते इथे दिसतं.

कैरी

बायकांना घरात बंदी, मालू म्हणजे दोन घरांतलं प्यादं. आजच्या डोळ्यांनी हे खटकत नाही का कुणाला?

नारळीपाक

खटकतं. मालूला स्वतःचं असं फार काही मिळत नाही. पहिल्या अर्ध्या भागात नाटक करताना ती जेवढी जिवंत आहे तेवढी प्रेमात पडल्यावर राहत नाही, नुसती रडते. मालूचं काम करणाऱ्या कनकाचा यात दोष नाही, लिहिलंयच तसं. पण बंदीला सिनेमा थोर मानतो असं म्हणणं चुकीचं ठरेल. सगळी गोष्टच ती बंदी किती हास्यास्पद आहे यावर उभी आहे. चार धडधाकट पुरुष, त्यातला एक चोरून संसार करतोय, एकजण मुलीशी बोलतानाही दचकतो. बाई नसल्याने घर मर्दानी झालेलं नाही, खुळं झालंय. आणि म्हाताऱ्याला तोडीस तोड कोण? बाईच. अच्चम्मा काढून तिथे पुरुष शत्रू घातला तर हा सिनेमा मारामारीचा होईल.

उंटावरचा_शहाणा

+१. शेवटी सगळे वैर विसरून जे गोड होतात ते मात्र फार घाईत उरकलंय.

चकली_विथ_लोणी

कॉलनीच्या गणपतीत पाऊण तासाचं प्रहसन बसवायचं आहे आणि असाच 'खोट्यावर खोटं' घाट हवा आहे. सिनेमातले प्रसंग उचलायचे नाहीत, परवानगीची कटकट नको. फक्त रचना कशी करायची ते कुणी सांगेल का?

पिटातला_प्रेक्षक

रचना उचलायला हरकत नाही. 'गॉडफादर'मध्ये एका वेळी चार गुपितं हवेत असतात. १) मालूचं प्रेम खोटं आहे: हे मालूला आणि तिच्या घरच्यांना माहीत. २) रामभद्रनचं प्रेम खोटं आहे: हे त्याला आणि मायिनकुट्टीला माहीत. ३) स्वामिनाथनचा संसार: आधी फक्त त्याला, मग रामभद्रनला. ४) दोघांचं प्रेम आता खरं झालंय: हे सुरुवातीला त्या दोघांपुरतं. प्रेक्षकाला चारही माहीत. अंजूरानला एकही नाही.

पाऊण तासात चार गुपितं मावणार नाहीत, दोनच घ्या. कागदावर आडवे रकाने पात्रांचे आणि उभे प्रवेश लिहा. प्रत्येक चौकटीत त्या क्षणी त्या पात्राला कुठलं गुपित ठाऊक आहे ते भरा. सलग दोन प्रवेशांत एकही चौकट बदलत नसेल तर त्यातला एक प्रवेश काढून टाका, तिथे नाटक थांबलेलं आहे.

हौशी मंडळी नेहमी तीन ठिकाणी फसतात. पहिलं, प्रत्येक गुपित 'दाराआडून ऐकलं' म्हणून फोडतात. एकदा चालतं, दुसऱ्यांदा प्रेक्षक दाराकडेच बघत बसतो. स्वामिनाथनच्या गुपितासारखं करा: गुपित कळलेला माणूस ते फोडत नाही, वापरतो. दुसरं, धाक असलेल्या पात्रालाच टाळ्यांची वाक्यं देतात, कारण ते काम मंडळाच्या अध्यक्षांनी घेतलेलं असतं. त्या पात्राला एकही विनोद देऊ नका. तिसरं, शेवटी सगळी गुपितं एकाच वेळी फोडतात. आधी लहान फोडा, त्याने घबराट वाढवा, मोठं त्यानंतर.

चकली_विथ_लोणी

अध्यक्षांनीच घेतलंय हो ते काम. कसं ओळखलंत!

नारळीपाक

मग त्यांना सांगा, एन. एन. पिळ्ळैंनीही एकही विनोद न करताच ते काम केलं होतं.

कैरी

सिनेमा बघायला घेतला. सबटायटल वेगळी मिळालेली फाइल आहे. सुरुवातीला बरोबर बसतं, पण दहा मिनिटांनी संवाद पुढे आणि अक्षरं मागे. व्हीएलसी प्लेयरमध्ये सरकवलं तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच.

रीळमास्तर

सरकवून उपयोग नाही, हा फ्रेमच्या वेगाचा घोळ आहे. तुमचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असणार आणि सबटायटल २३.९७६ च्या प्रतीवरून केलेलं. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. दहाव्या मिनिटाला साधारण २५ सेकंद, अडीच तासांनी सहा मिनिटं. 'सबटायटल एडिट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, सिंक्रोनायझेशनमध्ये फ्रेमचा वेग बदलायचा पर्याय आहे, तिथे २३.९७६ वरून २५ करा आणि जतन करा. त्यानंतर उरलेला अर्धा-पाऊण सेकंद व्हीएलसीत जुळवा: जी दाबलं की अक्षरं ५० मिलिसेकंद आधी येतात, एच दाबलं की नंतर.

विनोदी सिनेमाला आणखी एक काम करा. काही सबटायटलमध्ये प्रश्न आणि त्याचं टोला मारणारं उत्तर एकाच वेळी दोन ओळींत येतं. नट तोंड उघडायच्या आत आपण वाचून मोकळे. निदान इनोसेंट आणि जगदीशच्या (मायिनकुट्टी) प्रवेशांत तरी अशा ओळी तोडून दोन वेगळ्या करा. त्यांचं सगळं कसब उत्तराआधीच्या थांबण्यात आहे.

आणि साधारण ११ किंवा २२ मिनिटांच्या अंतराने चित्र हलकेच उडी मारत असेल तर फाइल खराब समजू नका. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटं चालतं, दोन हजारांचं २२. चालवलेल्या प्रिंटवरून डिजिटल प्रत केली असेल तर रिळाच्या दोन्ही टोकांना ओरखडे असतात आणि तुटलेली फिल्म जोडताना काही फ्रेम कापल्या गेलेल्या असतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे बारा गेल्या तरी अर्धा सेकंद गेला. तेवढ्यात एखादा शब्द गायब होतो.

कैरी

२५ केल्यावर चपखल बसलं. गाण्यांना मात्र सबटायटलच नाही.

रीळमास्तर

बऱ्याचदा नसतं. एस. बालकृष्णन यांचं संगीत, बिचू तिरुमला यांचे शब्द. 'पूक्कालम वन्नू' नुसतं ऐका, कथा त्यात पुढे सरकत नाही.

उंटावरचा_शहाणा

यानंतर काय बघावं? 'व्हिएतनाम कॉलनी' (१९९२) म्हणतोय.

पिटातला_प्रेक्षक

आधी मागे जा. 'रामजी राव', मग 'इन हरिहर नगर' (१९९०), त्याचाच हिंदीत 'ढोल' झाला. मग 'व्हिएतनाम कॉलनी'. त्यात मोहनलाल आहे, त्यामुळे तोल एका माणसाकडे झुकतो, पण वसाहतीतल्या माणसांची गर्दी हाताळण्याचं कसब तेच. 'हलचल' बघायचाच असेल तर सगळ्यात शेवटी बघा, आणि जॅकी-परेश रावल एकत्र असलेला पहिला प्रवेश नीट पाहा. थोरला कोण ते सिनेमा माहीत नसलेल्या कुणाला तरी ओळखायला सांगा.